श्रद्धा सोडणाऱ्याचेही ऐका

महोदय,

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्याला अर्धशतक उलटून गेले. तरीही 'माझी इस्लामवर श्रद्धा उरलेली नाही' एवढे साधे वाक्य घरात उच्चारणे किती जड जाते, हे मी भुसावळमध्ये जवळून पाहतो आहे. माझा एक मित्र रमजानमध्ये दुपारच्या चहासाठी रेल्वेने जळगाव गाठतो, कारण इथल्या टपरीवर कोणीतरी ओळखीचे भेटतेच, आणि बहिणीचे ठरलेले लग्न मोडेल ही धास्ती त्याला आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो; पण धर्म सोडलेल्या केरळमधील एका महिलेला, शरियतऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा म्हणून, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. (अशांची व्यथा मुस्लिमद्वेषासाठी वापरणारेही कमी नाहीत, माझ्या मित्राला त्यांचीही तितकीच भीती वाटते.) जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध उभ्या राहिलेल्या आपल्याकडील विवेकवादी कार्यकर्त्यांनी यांच्याही पाठीशी उभे राहावे, आणि राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा अशा तक्रारींतही पोलिसांनी आठवणीने वापरावा.

— एक वाचक, भुसावळ