मधलं दार असलेल्या दोन केबिनी

ठाणे
भाऊबीजेनंतरचा रविवार

ति. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. चिऊ रडायला लागली आणि बाबा, तुम्ही "बाल्कनीवालीच घे, वरचे पैसे मी भरतो" एवढं बोलून फोन ठेवलात. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज ती झोपल्यावर लिहायला बसले. बाबा, जानेवारीतल्या आपल्या बोटीच्या प्रवासाला बाल्कनीची केबिन मी घेत नाहीये. पैशांसाठी नाही. खरं कारण तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, ते आता सांगते.

नवरात्रातली गोष्ट. दुपारी मी भाजी फोडणीला टाकत होते. गॅलरीतून चिऊचं प्लास्टिकचं स्टूल सरकवल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, खेळतेय. मग आवाज थांबला. तो थांबला म्हणूनच मी पळाले. स्टूल कठड्याला टेकलेलं, एक पाय स्टुलावर, दुसरा गुडघा कठड्याच्या आडव्या गजावर, आणि हात दोरीवरच्या कपड्यांच्या चिमट्यांकडे. निळा चिमटा हवा होता तिला. मी मागून कमरेला धरून उचललं तेव्हा ती हसत होती. भाजी करपली. दुसऱ्या दिवशी गॅलरीला जाळी बसवून घेतली. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही, तुम्ही तिकडे हर्णैला बसून जिवाला घोर लावून घेतला असता.

बोटीवरच्या बाल्कनीचा कठडा चांगला उंच असतो, खाली बहुतेक काच असते, दाराला वर कडीही असते. पण बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबलही असतं, आणि आमची बाई वीस महिन्यांची आहे, दिसेल त्यावर चढते. खुर्च्या आत आणून ठेवता येतील, दार सतत लावून घेता येईल. तरी सगळा प्रवास माझं लक्ष त्या कडीवरच राहील. समुद्र बघायला जायचं आणि कडी बघत बसायचं, हे मला नको. मूल अजून रांगतही नसतं तर गोष्ट वेगळी होती. तान्हं आत झोपवून आईबापांना बाहेर वाऱ्यावर बसता येतं, हा बाल्कनीचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण आपलं बाळ त्या वयाचं राहिलेलं नाही.

मग घ्यायचं काय? खिडकी नसलेली आतली केबिन सगळ्यांत स्वस्त. दिवा मालवला की मिट्ट काळोख, त्यामुळे मुलं दुपारी छान झोपतात. पण चिऊ पहाटे साडेपाचला उठते आणि उठल्या उठल्या तिला बाहेर बघायला लागतं. चार भिंतींत तिला रमवायचं म्हणजे आपली परीक्षाच. म्हणून मी खिडकीची केबिन धरली आहे. तिची काच जाड असते आणि ती उघडत नाही. पलंगावर उभी राहून नाक लावून बसेल, बसू दे. फक्त खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. तशा केबिनी थोड्या स्वस्तात देतात, पण समुद्राऐवजी बोटीचं बूड दिसतं.

आणि एक नाही, दोन केबिनी घेते आहे, शेजारशेजारच्या, मधे दार असलेल्या. माझा सगळा जीव त्या मधल्या दारात आहे. चिऊ दुपारी एक ते तीन झोपते. एकाच खोलीत असलो तर ते दोन तास आम्ही अंधारात कुजबुजत बसणार. मधलं दार असलं की ती एका खोलीत झोपेल, दार किलकिलं ठेवून आपण दुसऱ्या खोलीत गप्पा मारू. रात्री ती उठली तर आई, तुला गाऊनवर पॅसेजमधून यावं लागणार नाही. यात एक खाच आहे. 'कनेक्टिंग' म्हटलं तरच मधे दार असतं. 'ॲडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारच्या. बुकिंगवाल्याने मला आधी दुसऱ्या प्रकारच्याच लावून दिल्या होत्या आणि "एकच आहे मॅडम" असं सांगितलं होतं. मी डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडून दोन खोल्यांमधली दाराची खूण दाखव म्हटलं, तेव्हा त्याने बदलून दिल्या. खोलीचा नंबर आधी न सांगता स्वस्तात देतात ती योजनाही मी नाकारली. त्यात खोली कंपनी ठरवते, आम्ही एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असंही होऊ शकतं.

आई, आता तुझ्या बोट लागण्याबद्दल. आपल्या आगरातले माड आठव. वारा सुटला की शेंडा केवढा डोलतो, बुंधा हलत नाही. बोटीचंही तसंच, जितक्या वरच्या मजल्यावर जाल तितकं डोलणं जास्त. आणि होडीत बसल्यावर नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा माणूस कसा वर-खाली होतो आणि मधला तेवढा हलत नाही, तेही तू पाहिलं आहेस. म्हणून खालच्या मजल्यावरची आणि मधोमधची केबिन घेतली. वरच्या मजल्यांना भाव जास्त असतो, पण मळमळायला लागल्यावर त्या भावाचं काय करायचं? चिऊची काळजी नको, दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही. तू मात्र आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारी जवळ ठेव, आणि रिकाम्या पोटी बसू नकोस. जानेवारी म्हणूनच निवडला. आपल्या बाजूला समुद्र खवळलेला असतो तो पावसाळ्यात.

अगदी पुढच्या टोकाची खोलीही टाळली. तिथे नांगर टाकताना साखळीचा खडखडाट होतो, आणि बंदरात शिरताना बोट आडवी सरकवणारी यंत्रं पुढेच घरघरतात, तीही बहुधा भल्या पहाटे. आपल्या खोल्यांच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनीच आहेत, हे मी दोनदा तपासलं. वर जेवणाचा हॉल असला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाटक-गाण्याचा हॉल असला तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. लिफ्ट पंधरा-वीस पावलांवर आहे, दाराला लागून नाही. तुझ्या गुडघ्यांना तेवढं चालणं जमेल.

खोली लहान असते हं. आपल्या माजघराच्या निम्मीसुद्धा नाही. चिऊसाठी पाळणा मागितला आहे. तो फुकट मिळतो, पण मोजकेच असतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायला लावलं. पाळणा उघडला की जेमतेम वाट उरते, तेव्हा बाबा, बॅगा मऊ आणा, पलंगाखाली सरकतील अशा. न्हाणीघराला उंचसा उंबरठा असतो, रात्री दिवा लावल्याशिवाय आत पाय टाकू नका. नुसता शॉवर आहे. चिऊ शॉवरला घाबरते, म्हणून मी घडीची बादली आणि तांब्या घेते आहे. केबिनची दारं जड असतात आणि आपोआप मिटतात. तिची बोटं सापडू नयेत म्हणून दाराशी तिला एकटीला सोडायचं नाही, हे चौघांनीही लक्षात ठेवायचं. आई, पाणी तापवायचा रॉड किंवा किटली आणू नकोस. आगीच्या भीतीने बोटीवर चालत नाही, सामान तपासताना काढून घेतात. कोमट दूध जेवणघरातून मिळेल. पोहायच्या तलावात डायपरवाल्या मुलांना सोडत नाहीत आणि लहान मुलांची खेळघरं बहुधा तीन वर्षांपुढच्यांसाठीच असतात. म्हणजे आमची चिऊ सगळा वेळ आपल्याच अंगावर. म्हणून तर खोलीचा एवढा विचार करते आहे.

रामदास बोटीचं तू काढलंस ते मला पटतं. 17 जुलै 1947, रेवसला जाणारी बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. आपल्या किनाऱ्यावर कुठल्याही घरात बोटीचा विषय निघाला की ती निघतेच. ती ऐन पावसातली होती. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच सगळ्यांना जमवून लाइफजॅकेट कसं घालायचं, कुठे उभं राहायचं हे दाखवावंच लागतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे 15 किलोंच्या आतल्या बाळांसाठी वेगळं जॅकेट असतं आणि 24 तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला ते प्रत्येक बाळासाठी ठेवावं लागतं. चिऊ 11 किलोंची आहे. केबिनमध्ये पाऊल टाकल्यावर पहिलं काम तेच, तिचं जॅकेट मागून घ्यायचं आणि मी स्वतः तिला घालून बघायचं.

बाबा, तुम्हाला बाल्कनी कशासाठी हवी होती ते मला ठाऊक आहे. रात्री हर्णैवरून जाताना आपला दिवा दिसेल, असं तुमच्या मनात आहे. पण बोट किनाऱ्यापासून बरीच लांबून जाते आणि बाल्कनी समुद्राच्या बाजूला आली तर काहीच दिसणार नाही. त्यापेक्षा वरच्या उघड्या डेकवर दोन्ही बाजू आपल्या. संध्याकाळी मुंबई सोडली की जेवण आटोपून तुम्ही आणि आई वर जा. चिऊला झोपवायला मी आणि तुमचे जावई आहोत. पुढचं दाभोळ, जयगड, रत्नागिरी तुम्ही नेहमी म्हणता तसंच आईला एकेक बंदराचं नाव घेऊन सांगा. पहाटे चिऊ उठली की मी तिला घेऊन वर येते, मग तुम्ही झोपा.

तुमच्या लहानपणच्या बोटीची गोष्ट या दिवसांत फार आठवते. पडावातून उचलून तुम्हाला वर घेतलं, डेकवर वळकटी पसरली, आणि आजीने जुन्या लुगड्याचं एक टोक तुमच्या कमरेला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधलं. तुम्ही झोपलात आणि ती भाऊच्या धक्क्यापर्यंत जागी. लहानपणी ऐकताना मला त्यात बोटच दिसायची. आता ते मनगट दिसतं.

आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि आईच्या गोळ्यांची चिठ्ठी फोटो काढून पाठवा. चिऊचा जन्मदाखला मी काढून ठेवला आहे. आठवडाभर आधी आलात तर बरं, घाईघाईत निघायला नको.

आणि आई, आजीचं ते हिरवं लुगडं अजून ट्रंकेत आहे ना? येताना घेऊन ये. पाळण्यात झोपायला चिऊ कुरकुरली तर ती माझ्याजवळ पलंगावर झोपेल, आणि तिथल्या पलंगाला कठडा नसतो. नऊवारी आहे, गुंडाळून चादरीखाली कडेला घातलं की चांगली जाड वळकटी होईल. ती त्यावरून घरंगळणार नाही.

तुमची लेक