गोधडी द्या, आणि ती शिवणारीचे नावही सांगा

सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले आहे. घट बसण्यापूर्वी घरोघरची अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुवायला निघतील आणि त्याच वेळी विरलेल्या गोधड्या ‘आता हिचे काय करायचे’ म्हणून बाजूला पडतील. कोणती पायपुसणे होईल, कोणती म्हशीच्या पाठीवर जाईल, कोणती घाटावरच राहील. या बाजूला पडणाऱ्या गोधड्यांसाठी वाचनालयाच्या महिला विभागातर्फे हे आवाहन करीत आहोत.

त्याला निमित्त झाली ती एक वाकळ, म्हणजे जाडसर गोधडी. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासद भगिनींना ती मळ्यातल्या विहिरीवर, पंपाच्या मोटारीवर झाकलेली दिसली. मालकांना विचारून त्यांनी ती आणली आणि वाचनालयातल्या लांब टेबलावर पसरली. वरचे पान इरकली लुगड्याचे होते. अंगचा रंग उडून फिकट विटकरी झालेला, पण काठ अजून गर्द. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडले होते, त्यामुळे आतले थर मोजता आले. धोतराचे पान, त्याखाली शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा खिशाच्या शिलाईसकट, आणि त्याखाली दंड घातलेले, म्हणजे विरलेला भाग काढून पुन्हा जोडलेले, आणखी एक जुने लुगडे. धावदोरा बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत आलेला होता. तीन बाजूंचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एका ओळीत, चौथ्या बाजूचे मात्र लांब, वाकडे, मध्येच गाठ मारलेले. म्हणजे हात दोन होते, एक सरावलेला आणि एक शिकणारा. ही कोणी शिवली, असे मालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आजीनं असंल, नाहीतर आत्यानं.’’ आजींचे नाव त्यांना चटकन आठवले नाही. घरी फोन करून विचारावे लागले. यात त्यांचा दोष आहे असे आम्ही मानत नाही, कारण त्यानंतर टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सात जणींपैकी चौघींना आपल्या पणजीचे नाव सांगता आले नाही.

अशाच वापरलेल्या कपड्यांच्या पांघरुणांचे अन्यत्र काय झाले, हे येथे सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांचे पूर्वज त्याच जमिनीवरच्या कापसाच्या मळ्यात गुलाम होते. थंडीपासून बचाव म्हणून तेथील स्त्रिया फाटक्या विजारी, सदरे आणि पोती जोडून पांघरुणे शिवत. मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये पती वारल्यावर त्यांच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांचेच पांघरूण केले. गुडघ्यावर विटलेला कपडा, घामाने उडालेला निळा रंग, सगळे त्यात तसेच आहे. 2002 मध्ये या वस्तीतील पांघरुणे ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली, आणि 2006 मध्ये त्यांतील दहा पांघरुणांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. आम्हाला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, त्या भिंतींवर प्रत्येक पांघरुणाशेजारी ते शिवणाऱ्या बाईचे नाव होते. त्याच वस्तीतल्या काही स्त्रियांना पुढे 2007 मध्ये मोबदल्यासाठी आणि हक्कांसाठी न्यायालयात जावे लागले, हेही विसरून चालणार नाही. आम्ही खाली जे लेखी आश्वासन देत आहोत, ते त्यातूनच शिकून.

अमेरिकेतीलच फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीने आपले पहिले क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, 1980 मध्ये शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईच्या जोडीने केले आणि पुढे चित्राभोवतीच्या कापडी पट्ट्यांवर गोष्टीच लिहायला सुरुवात केली. 2024 मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांची क्विल्ट मोठमोठ्या संग्रहालयांत पोहोचलेली होती. इतके लांब जायचे नसेल, तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात जावे. तेथील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीत राहिलेल्या माणसांचे हे वंशज. कडेकडून आत शिवत जाण्याची रीत अगदी आपलीच. फक्त चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची तिकोनी ‘फुले’ लावल्याखेरीज त्या कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. या कवंदीही आता परदेशातल्या प्रदर्शनांत पोहोचल्या आहेत. आपण मात्र पाहुणे आले की गोधडी आतल्या खोलीत ढकलतो. अंगावरच्या ठिगळांमुळे ज्यांना लोक गोधडेबुवा म्हणत, त्या गाडगेबाबांच्या कीर्तनाला गर्दी करणाऱ्यांचीच आपण नातवंडे, तरीही ठिगळाची लाज काही गेली नाही.

येत्या संक्रांतीच्या आठवड्यात, हळदीकुंकवाच्या दिवसांत, वाचनालयाच्या सभागृहात चाळीस गोधड्यांचे प्रदर्शन मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक गोधडीच्या पाठीमागे मांजरपाटाची एक पट्टी टाचली जाईल आणि तिच्यावर शिवणारीचे नाव, सासर-माहेरचे गाव आणि आत कोणाकोणाचे कपडे आहेत ते दोऱ्यानेच लिहिले जाईल. नाव निश्चित कळले नाही, तर ‘अमुक यांची आजी’ असे लिहून पुढे जागा मोकळी सोडू. कोणाला नंतर आठवले तर भरता येईल.

त्यासाठी पहिली विनंती गोधड्यांची. फाटकी, डागाळलेली, अर्धवट राहिलेली, कशीही चालेल. बाळंतपणातले दुपटे असेल तर अधिकच आनंद. गोधडी आपलीच राहील. तिची लेखी पोच मिळेल, प्रदर्शनानंतर ती परत केली जाईल आणि तिचे छायाचित्र आपल्या संमतीशिवाय कोठेही छापले अथवा विकले जाणार नाही.

दुसरी विनंती माणसांची आहे. ज्यांच्या हातात अजून दाभण बसते अशा पाच ज्येष्ठ महिला आम्हाला सहा दुपारी हव्या आहेत. त्या फाटक्या गोधड्या सावरतील आणि मुलींना धावदोरा शिकवतील. त्यांना दर दुपारी पाचशे रुपये मानधन देण्यात येईल. हे काम फुकट करून घ्यायचे नाही, यावर समितीत बराच वाद झाला आणि शेवटी सर्वांचे एकमत झाले. त्यांच्या शेजारी बसून आठवणी लिहून घेणारी चार-पाच महाविद्यालयीन मुले-मुली मिळाली, तर फार सोय होईल.

तिसरी विनंती पैशांची. गोधडी चिमट्यांनी टांगली की स्वतःच्याच वजनाने फाटते. म्हणून पाठीला कापडी नळी शिवून तिच्यातून लाकडी दांडी घालावी लागते, जेणेकरून भार सारखा वाटला जाईल. दिवेही मंद लागतात, कारण प्रखर उजेडाने जुने रंग उडतात. नळी, दांडी आणि दिवे मिळून एका गोधडीमागे सुमारे 1,200 रुपये, म्हणजे चाळिसांचे 48,000 रुपये होतात. मानधनाचे 15,000 आणि छायाचित्रे व नोंदींच्या पुस्तिकेचे 27,000 धरून एकूण खर्च 90,000 रुपये आहे. पैकी 20,000 रुपये वाचनालयाने आपल्या निधीतून मंजूर केले असून उरलेल्या 70,000 रुपयांसाठी आपल्याकडे हात पसरत आहोत. एका गोधडीचा खर्च कोणी आईच्या किंवा आजीच्या स्मरणार्थ उचलला, तर त्याची नोंद पुस्तिकेत केली जाईल. देणगी रोख किंवा धनादेशाने वाचनालयाच्या नावे द्यावी. पावती लगेच मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लावला जाईल.

गोधड्या तुळशीच्या लग्नापर्यंत, सोमवार सोडून रोज सायंकाळी चार ते सात या वेळेत कार्यालयात स्वीकारल्या जातील. एवढेच करावे की, आणण्यापूर्वी त्या धुऊ नयेत. जुने कच्चे रंग पसरतात आणि विरलेले कापड धोपटण्याने सुटते. गोधडी आणणे जड जात असेल तर नुसता निरोप पाठवावा, आम्ही रिक्षा घेऊन येऊ.

आपल्या,
महिला विभाग कार्यकारिणी,
सार्वजनिक वाचनालय