अठरा हुकलेले नेम

मेलबर्न,
2 ऑक्टोबर 2023

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, गुरुवारच्या विसर्जनाचे फोटो पोचले. तुम्ही गणपती पोचवून मोकळे झालात आणि शनिवारी इकडं आमच्या गल्लीत गुलाल तेवढा उधळायचा राहिला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची फायनल कॉलिंगवुड संघानं जिंकली! बाबा, मागच्या वर्षी इथं आला होतात तेव्हा शेजारच्या आजोबांच्या गॅरेजवरचा काळा-पांढरा झेंडा बघून, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे तसं, "ही कुठली तालीम?" म्हणून विचारलं होतंत, तीच ही.

फायनल मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ब्रिस्बेन लायन्सशी. मैदानात 1,00,024 माणसं, आणि आजोबांच्या गॅरेजमध्ये टीव्हीपुढं आम्ही बारा. मी भडंग नेलं होतं. एकेकाला ठसका लागत होता, पण पातेलं रिकामं करूनच उठले. 90 विरुद्ध 86, अवघ्या चार गुणांनी जिंकलो.

आता गंमत ऐका. गोल ब्रिस्बेनचे जास्त! त्यांचे 13, आपले 12. ("आपले" लिहिलं बघा, आठ वर्षं झाली इथं.) या खेळात दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं चेंडू सरळ गेला की गोल, सहा गुण. तो जरा कलला आणि बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, किंवा नुसता उंच खांबाला चाटला, तर 'बिहाइंड', एक गुण. म्हणजे नेम चुकल्याचं बक्षीसच. ब्रिस्बेनचे असे आठ, आपले अठरा. तिथंच सामना फिरला.

मला वाटलं, रविवारी आजोबा आनंदात असतील. सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर हे कुंपणापाशी उभे, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान. पाठीवर पेन्सिलीनं अठरा रेघा ओढलेल्या, पाच-पाचचे गठ्ठे बांधलेले, आपला दूधवाला मांडायचा तशा. कुठली किक घाईत मारली, कुठली वाकड्या कोनातून, कुठला चेंडू समोरच्याच गड्यानं गोल वाचवायला बाहेर ढकलला, सगळं पाठ. "यातल्या निम्म्या सरळ मारल्या असत्या तर मला गोळी घ्यावी लागली नसती," म्हणाले. मी म्हटलं, अहो, पण या अठरा नसत्या तर हरलो असतो की! ते माझ्याकडं असं बघत राहिले, की जणू मी ब्रिस्बेनची आहे.

बॉबी हिलचं मात्र कौतुक झालं. कौतुक म्हणजे फक्त मान हलवली. चार गोल मारले त्यानं, सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदकही त्यालाच मिळालं. गेल्या वर्षी हे पोरगं कॅन्सरवर उपचार घेत होतं. एका झेलाला त्यानं समोरच्याच्या खांद्यावर चढून चेंडू घेतला. आई, तू असतीस तर डोळे मिटले असतेस.

खरा वाद पेटला तो शेवटच्या निर्णयावर. अगदी शेवटी पंचानं ब्रिस्बेनला फ्री किक दिली, पण त्यांच्याच दुसऱ्या खेळाडूनं चेंडू उचलून खेळ पुढं नेला, म्हणून 'अॅडव्हान्टेज' म्हणत पंचानं खेळ चालू ठेवला. थांबवला असता तर ब्रिस्बेनला शांतपणे किक मारायला मिळाली असती. आजोबांचा मुलगा म्हणे नियम तो नियम. आजोबा म्हणाले, "आपल्याला मिळालं ते मिळालं, पण त्यांच्या जागी मी असतो तर टीव्ही फोडला असता." बाबा, खरं सांगा, पाटाकडील तालमीचा ऑफसाइड गोल तुम्ही कधी तरी कबूल केला असतात का?

रविवारभर मला मिरजकर तिकटीच आठवत होती. शाहू स्टेडियमवरून सुटलो की तुम्ही स्कूटर तिथं लावायचात, आणि तीन-शून्यानं जिंकलेल्या सामन्यातही आपला गोली कुठं कुठं चुकला हे भजी थंड होईस्तोवर चालायचं. हरलो तर सरळ घरी. खंडोबा तालमीकडून हरलेल्या दिवशी तर तुम्ही जेवतानाही बोलायचा नाहीत. आजोबांचंही तसंच. 2018 ची फायनल पाच गुणांनी हरले, त्या सामन्याबद्दल अजून अवाक्षर काढत नाहीत. चिरफाड फक्त जिंकलेल्याची.

इथंही घराणी असतात बरं का. जॉश आणि निक डेकोस हे भाऊ दोघेही शनिवारी खेळले, आणि त्यांचा बाप पीटर 1990 च्या विजेत्या कॉलिंगवुडमध्ये होता. आजोबांच्या मते बाप दोघांपेक्षा सरस. बाबा, तुम्ही आणि आजोबा कट्ट्यावर बसलात तर तुम्हाला भाषेचीही गरज पडणार नाही.

आज कॅन्टीनमध्ये पुन्हा तेच. ही म्हणे बचाव ढिला होता, तो म्हणे आपल्या मर्फीला डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं, तिथून सगळं विस्कटलं. एकानंही जिंकल्याबद्दल पेढा आणला नव्हता.

आई, बाबांच्या गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, आठवण कर. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. आणि कालपासून आमची घड्याळं तासभर पुढं गेलीत, म्हणून तुमच्या साडेचारला नको, साडेतीनलाच फोन करा. आजोबांना तुमच्याशी बोलायचंय बाबा, त्या अठरांपैकी अकराव्या किकबद्दल. मी भाषांतर करीन.

तुमची लाडकी,
ताई