डाव तळाशी

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

गणपतीत आली होतीस तेव्हा मी बोलून गेले, 'एवढी मोठी झालीस आणि अजून कार्टून काय बघतेस!' तू काही न बोलता 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा युद्धकाळातला जपानी कार्टून सिनेमा टॅबवर टाकून गेलीस. परवा रात्री बघितला. बाबा झोपले होते, बरं झालं.

पहिल्याच वाक्यात तो चौदा वर्षांचा सेइता सांगतो, 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री मी मेलो. कोबेमधलं सान्नोमिया स्टेशन, खांबाला टेकलेला पोरगा, आणि झाडूवाला त्याच्याजवळचा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा अंधारात भिरकावून देतो. शेवट आधीच कळलेला, तरी मी दीड तास वाट बघत होते, कोणीतरी येईल म्हणून.

रडू आलं ते त्या डब्यापाशी. गोळ्या संपतात तेव्हा सेइता डब्यात पाणी ओतून हलवतो आणि धाकट्या बहिणीला, सेत्सुकोला पाजतो. चार वर्षांची पोर ती, घोट घेऊन एकेक चव ओळखत बसते. मधाची बाटली संपली की आपण विसळून घेतो ना, तसंच.

आणि आई गेल्यावर ही पोरं जिच्याकडे राहतात, ती काकू. तू नक्की तिला शिव्या घातल्या असशील. मला ती दुष्ट वाटेना, हीच पंचाईत झाली. पोरांच्या आईचे किमोनो देऊन तांदूळ आणते, त्यातले थोडे ठेवून घेते. स्वतःची मुलगी कामाला जाते, तिला दाट वाढते आणि या दोघांच्या वाटीत नुसतं पाणी. तुझ्या दहावीच्या वर्षी आपल्याकडे दोन महिने भाचरं राहायला होती, आठवतं? आमटी वाढताना डाव तळाशी कोणाच्या ताटासाठी जायचा, ते मला माहीत आहे. तेव्हा तर घरात काहीच कमी नव्हतं.

सेइताचा ताठाही काही कमी नाही हं. वेगळी चूल मांडतो, मग बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या खंदकात राहायला जातो. बँकेत आईचे पैसे असतात, पण पैसे शिजत नाहीत. दिग्दर्शक ताकाहाता हा युद्धविरोधी सिनेमा नाही असं सांगत राहिले, ते मी वाचलं तेव्हा चक्रावलेच. ते स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून बहिणीबरोबर पळाले होते. मूळ कथा 1967 ची, लेखक नोसाकांची. त्यांची धाकटी बहीण तशीच उपासमारीने गेली, आणि कथेतला भाऊ आपल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे असं ते कबूल करायचे. ते वाचल्यावर मला परत झोप लागली नाही.

एक गंमत, म्हणजे गंमत कसली! 1988 च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा 'माय नेबर तोतोरो' या लहान मुलांच्या हसऱ्याखेळत्या कार्टूनच्या जोडीने एकाच तिकिटात लावला होता. पोरांना घेऊन गेलेल्या आयांचं काय झालं असेल?

'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' हा त्याच युद्धावरचा दुसरा जपानी कार्टून सिनेमाही बघून टाकला. तो मला जास्त जवळचा वाटला, कारण त्यात स्वयंपाकघर आहे. कुरे हे नौदलाचं गाव, सून होऊन आलेली सुझू, आणि रोज कमी होत जाणारं रेशन. रानातला पाला खुडते, शिजवते. एकदा तांदूळ भाजून, भरपूर पाणी घालून असा भात करते की दाणा टम्म फुगतो. पातेलं भरलेलं दिसतं, आणि पहिल्या घासाला सगळ्यांचे चेहरे पडतात! मी एकटीच मोठ्याने हसले. पुढे बॉम्बमध्ये तिचा उजवा हात जातो, चित्रं काढायचा हात, आणि त्या हाताला धरून चालणारी भाची.

'बेअरफूट गेन' आत्ता नको. हिरोशिमा आहे म्हणतेस, तर तू आल्यावर बघू, जेवणं उरकल्यावर.

दिवाळीत येताना डबे परत आण. तीन आहेत तुझ्याकडे.

तुझी,
आई