लुकलाची फ्लाइट कॅन्सल झाली म्हणून काउंटरवर ओरडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारी आपली मराठी मंडळी खूप वाढलीयत आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लुकलाच्या (नेपाळमधलं, हा ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव) लँडिंगचा व्हिडिओ असतोच, खाली "जगातला सगळ्यात डेंजर एअरपोर्ट" वगैरे. मी पण टाकलाय, खोटं कशाला बोलू.

तिथला रनवे जेमतेम 527 मीटर, तोही चढाचा, साधारण 12 टक्के, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. 1964 मध्ये एव्हरेस्टवीर हिलरींनी शेरपांच्या शेतजमिनीवर ही धावपट्टी करून घेतली, रोलर नव्हता म्हणून शेरपांना नाचायला लावून माती दाबली असं सांगतात, डांबर पडलं ते थेट 2001 ला. आता विमान चढावर उतरतं म्हणूनच एवढ्याशा जागेत थांबतं, पण उंची 2,845 मीटर, हवा विरळ, त्यामुळे कॉकपिटमध्ये स्पीडचा आकडा तोच दिसला तरी विमान खरं तर मुंबईपेक्षा 15 एक टक्के जास्त वेगाने येत असतं. आणि अगदी शेवटी ढग आडवा आला तर परत वर उचलून फेरी मारायची सोय नाही, समोर डोंगरच. 8 ऑक्टोबर 2008 ला धुक्यात एक ट्विन ऑटर (छोटं प्रवासी विमान) रनवेच्या जरा अलीकडेच आदळलं, 19 पैकी 18 गेले, फक्त कॅप्टन वाचला. मे 2017 मध्ये मालवाहू विमान तसंच रनवेच्या अलीकडे पडलं, दोन्ही पायलट गेले.

हे सगळं माहीत असूनसुद्धा, परतीला दोन दिवस ढग हटेना तेव्हा आमच्याच ग्रुपमधले काउंटरवर जाऊन भांडत होते, सोमवारी ऑफिस आहे, पुढची फ्लाइट बुडेल, समोरच्या डोंगरावरून तर ऊन दिसतंय की! तो पोरगा बिचारा काही न बोलता नुसता दरीकडे बोट दाखवायचा. दोष त्याचा नव्हताच, टूरवाल्याने (नाव नको) एकही बफर डे, म्हणजे जादाचा मोकळा दिवस, ठेवला नव्हता आणि आम्हीही स्वस्त पडतंय म्हणून विचारलं नाही. तुमच्या पुरवणीत ट्रेकच्या जाहिराती येतात त्यात दिवस किती आणि मोकळे किती हे छापायला लावा ना. निदान दोन तरी हवेत, नाहीतर खालच्या सल्लेरी गावाकडून जीप आणि पायी रस्ता आहेच, वेळ लागतो एवढंच.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला उडालो. मुंबईचं तिकीट गेलं ते गेलंच, साडेनऊ हजार.

– एक ट्रेकर वाचक, डोंबिवली