कोंबड्यांच्या गोष्टीत राहिलेला मूग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील जीवनसत्त्वांवरच्या लेखात बटाव्हियाच्या (आजचे जाकार्ता) कोंबड्यांची गोष्ट अर्ध्यावरच सोडली आहे. 1890च्या सुमारास तिथल्या डच डॉक्टर आइकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळू लागला आणि तीन-चार आठवड्यांत माणसांतल्या बेरीबेरीसारखा रोग होऊन त्यांचे पाय लटपटू लागले. नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायचे नाकारले, तशा त्या बऱ्या झाल्या. इथवर ठीक. पण ‘आइकमन यांनी ब-1 शोधले’ (म्हणजे ज्याच्या अभावी हा रोग होतो ते जीवनसत्त्व) हे लेखातले विधान चूक आहे. तांदळाच्या पिठूळ भागात विष असते आणि कोंड्यात त्याचा उतारा, असे त्यांचे मत होते.

ते मोडले त्याच प्रयोगशाळेत त्यांच्यानंतर काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांनी, 1901 मध्ये. युक्ती साधी होती. भात पूर्ण बंद करून कोंबड्यांना फक्त मांस द्यायचे, पण 120 अंशांवर दाबाच्या भांड्यात बराच वेळ तापवलेले. पिष्ट पोटात नसतानाही कोंबड्या लुळ्या पडल्या. मग विष आले कुठून? उलट पांढऱ्या भातासोबत हिरवे मूग दिले की रोग होत नसे. म्हणजे अन्नात काहीतरी कमी पडत होते, आणि ते फार उष्णतेने नष्ट होत होते. खरे श्रेय या जोडीला: तापवलेले मांस आणि मूग.

असे प्रयोग फसतात कुठे, हेही लेखात यायला हवे होते. ब-1 कमी पडले की भूक आधी मरते. मग जनावर रोगाने खंगले की उपासाने, हे कळत नाही. म्हणून तुलनेच्या गटालाही मोजून तेवढेच अन्न द्यावे लागते. उंदीर स्वतःची लेंडी खातात आणि त्यातून ब गटाची जीवनसत्त्वे परत मिळवतात, त्यामुळे पिंजऱ्याचा तळ जाळीचा हवा. स्कर्व्हीसाठी (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगासाठी) तर उंदीर निरुपयोगीच, कारण क जीवनसत्त्व त्याच्या यकृतातच बनते. होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी 1907 मध्ये गिनीपिग घेतला, ज्याच्या शरीरात क बनत नाही, म्हणून त्यांना यश आले.

ब-1 चे स्फटिक 1926 मध्ये यान्सेन आणि डोनाट या डच संशोधकांनी बटाव्हियातच कोंड्यातून वेगळे केले. कोणत्या अर्कात ते उतरले आहे, हे बोंडोल नावाच्या चिमुकल्या भातपक्ष्यावर तपासले जाई. तो दीड-दोन आठवड्यांतच आजारी पडतो. कोंबडीसाठी महिनाभर थांबावे लागते.

शेवटी, लेखाच्या चौकटीत उकडा तांदूळ ‘पॉलिशचा’ म्हणून बाद केला आहे, ते दुरुस्त व्हावे. भात सालीसकट भिजवून उकडताना कोंड्यातले ब-1 दाण्यात मुरते. म्हणून नंतर गिरणीत सडला, तरी कोकण-गोव्याच्या उकड्यात ते साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त उरते. वेळून पेज फेकून दिली, तर मात्र त्यातले बरेचसे पेजेबरोबर जाते.

– एक वाचक, रत्नागिरी