काका, तुम्ही प्लग उपसलात म्हणून

काका, नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते, तर ‘चहा टाक आधी’ म्हणून तुम्ही विषयच उडवला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. नातू वाचून दाखवेलच.

मे महिन्यातली ती दुपार. आजीच्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड समोरच्या खोलीत कूलरपुढे आडवा पाडून मी गंज काढत बसले होते. त्याच्या वेलबुट्टीत मोठा ग्राइंडर शिरत नाही, म्हणून टोकाला ब्रश-चकती लावून गरगर फिरवणारं छोटं रोटरी टूल मागवलेलं. जाड पेनासारखं हातात मावतं ते, त्यामुळे भीती अशी वाटतच नाही. वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, पुढे इतवारीतून आणलेला तारेचा ब्रश, हातात सुती मोजे, गळ्यात ओढणी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून तुम्ही घरी चालला होतात. आवाज ऐकून सरळ आत आलात, प्लग उपसलात आणि म्हणालात, “पोरी, डोळे नकोसे झाले का तुले?”

राग आला होता, खरं सांगते. मग तुम्ही माझ्या ओढणीतून एक तार उपटून तळहातावर ठेवलीत. तांदळाच्या दाण्याएवढी. गळ्यापासून जेमतेम चार बोटांवर रुतली होती.

“आकडे वाच,” म्हणालात. टूलवर लिहिलं होतं मिनिटाला ३५,००० फेरे. ब्रशचं पाकीट कचऱ्यातून शोधावं लागलं; त्यावर बारीक अक्षरात १५,०००. वेग दुप्पट झाला की तारेला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, आणि मी तर दुपटीच्याही पुढे गेले होते. हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं-साचे बनवण्याच्या खात्यात, उमर घालवलेल्या माणसाला हे तोंडपाठ, आम्ही मात्र पाकीट फाडतो नि फेकतो.

त्या दिवशी तुम्ही मला कामच करू दिलं नाही. आधी मोजे उतरवले; सुताचा एक धागा गुंडाळला गेला की बोटही मागोमाग जातं. ओढणी खुंटीला, वेणी कुर्त्याच्या आत. माझ्या नंबरच्या चष्म्याला तुम्ही ‘बाजूनं उघडी खिडकी’ म्हणालात आणि घरून गॉगल आणून दिलात. मग वेग १५,००० च्या आत घेऊन, ब्रश पत्र्याच्या डब्याकडे वळवून, एक मिनिट नुसताच फिरवायला लावलात. आपण दोघं बाजूला उभे. टिक. टिक. अजून दोन तारा सुटल्या. सैल तारा अशा आधीच गळू द्यायच्या, हे मला कुठे ठाऊक!

भुवईवरच्या व्रणाचं मी विचारलं तेव्हा तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: गार्ड काढून चार इंची ग्राइंडरवर सात इंची चकती चढवली होती. तो ग्राइंडर ११,००० फेऱ्यांचा, चकती ८,५०० ची. पुढचं काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

आणि तो कूलर! नागपुरात मे महिन्यात कुणाच्या घरचा कूलर बंद करायचा म्हणजे भांडणच. पण स्टँडवर कुणीतरी कधीकाळी हिरवा ऑइलपेंट फासलेला. घरगुती रंगात विषारी शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदच्या, वर नको, हा नियम २०१६ चा. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्याची कोरडी भुकटी मी कूलरच्या वाऱ्यानं घरभर उडवत होते, आतल्या खोलीत भाची झोपलेली असताना. तो रंग तुम्ही वॉटर पेपर भिजवून हातानंच काढायला लावलात. चार दिवस गेले. कंटाळा आला, तुम्हाला मनातल्या मनात नावंही ठेवली.

गंजलेला बोल्ट कापताना मात्र तुम्ही मागे नुसते उभे होतात. “आवाज बसला की समज, तू दाबून राहिली,” एवढंच बोललात. पातळ चकती जरा तिरकी झाली तरी फुटते, म्हणून मी चेहरा तिच्या रेषेत ठेवला नाही. ते सांगावं लागलं नाही, याचा तुम्हाला आनंद झाला असावा, कारण तुम्ही स्वतःहून चहा मागितलात.

मशीन आता उभी आहे. फक्त पायडलचा चामडी पट्टा सैल पडतो, तो तुम्हीच बघा. रविवारी सकाळी या, तर्री-पोहे करते. टूल पेटीत असेल आणि कूलर चालू.

तुमची,
गल्लीतली पोरगी